उसाला टायरातलं नत्र

आमच्या ताईचं लग्न एका वायूमुळं मोडायला आलं होतं, आणि तो वायू आपल्या सगळ्यांच्या आजूबाजूला अठ्ठ्याहत्तर टक्के असतो. त्यामुळं दोष नेमका कुणाला द्यावा, हे आमच्या घरात बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी तो मला देण्यात आला. (उरलेले बावीस टक्केही मलाच.)

मी चळवळीतला माणूस आहे. शिरूरच्या स्टँडसमोर हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत जबरदस्तीनं कागद कोंबणारा कुणी दिसला तर तो मीच. पाण्याच्या बाटलीवरची जादा किंमत, कुलूप लावलेली मुतारी, रस्त्यापेक्षा उंच झालेला गतिरोधक, मी कशावरही पत्रक काढतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "हा नित्या. ह्याला सकाळी राग यायला उशीर झाला तर पोट साफ हुत न्हाई."

तर एकदा अण्णांच्या जुन्या गाडीत पेट्रोल भरायला आम्ही हायवेच्या एका पंपावर थांबलो. मी पाय मोकळे करून येईपर्यंत तिथल्या माणसानं, कुणी न विचारता, चारही टायरातली हवा सोडून नायट्रोजन भरला, वर हिरवी टोपणं बसवली आणि हात पुढं केला. म्हणाला, टायर थंड राहतो, मायलेज वाढतं, टायर फुटत नाही. मी त्याला विचारलं, साध्या हवेत काय असतं? तो म्हणाला, साधी हवा असते.

झालं! मी तिथल्या तिथं त्याचा विज्ञानाचा तास घेतला. हवेत बहुतांश नायट्रोजनच असतो, तू आमचा नायट्रोजन सोडून आम्हालाच नायट्रोजन विकलास, ही लूट आहे! मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. (जनता आपल्या बाजूनं हॉर्न वाजवते आहे, असा माझा समज झाला.) मी तिसऱ्या मुद्द्यावर येईपर्यंत अण्णांनी पैसे देऊन टाकले होते आणि वाकून टोपणांकडं बघत होते. "दिसायला बरी हायेत," म्हणाले.

आता खरं सांगायचं तर विमानाच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या टायरात नायट्रोजन भरतात, त्याला कारणं आहेत. तो कोरडा असतो, जरा सावकाश झिरपतो. पण आमच्या गाडीची आजवरची सर्वांत मोठी शर्यत न्हावऱ्याच्या रस्त्यावर एका शेळीशी झाली होती, आणि शेळी जिंकली होती. आम्हाला विमानाचा वायू कशाला? मी घरी आलो ते थेट पत्रक लिहायलाच बसलो.

पत्रक मी शुद्ध मराठीत लिहितो. नायट्रोजन हा शब्द मला चालणार नव्हता. मी लिहिलं, नत्र. अण्णा म्हणाले, "आरं, नायट्रोजन म्हणलं की लोकांना टायर आठवतो. नत्र म्हणलं की खताची गोणी आठवती." मी म्हणालो, भाषेशी तडजोड नाही. शिवाय वर 'शेतकरी वाहनधारक बंधूंनो' असं घातलं, कारण शेतकरी हा शब्द नसेल तर आमच्याकडं पत्रक कुणी हातात धरत नाही, त्यात भेळ खातात. (असला तरी खातात, पण आधी वाचतात.) मजकूर असा होता:

'शेतकरी वाहनधारक बंधूंनो! नत्रासाठी दुकानदाराच्या दारात का उभे राहता? तुमच्या टायरात अगोदरच अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आहे! ते तुमच्या हक्काचे आहे! लुटारूंना घाबरू नका. हिरवे टोपण दिसले की गप्प बसू नका. टोपण उघडा!'

मागच्या बाजूला सविस्तर शास्त्रीय खुलासा होता. आणि तळाला, ठळक अक्षरात, माझं नाव.

गठ्ठा छापून घरी आला त्याच दिवशी ताईनं मला माडीवर बोलावलं. ताई रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथंच अमोल नावाचा मुलगा आहे, राहूचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, आमच्या मामांनी मध्ये पडून दोन्ही घरं राजी केलेली. आता येत्या रविवारी राहूला त्यांच्या घरी जायचं, घर बघायचं आणि सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न पक्कं. ताई हे सगळं मला माहीत असलेलंच परत का सांगते आहे, हे मला कळेना.

"नित्या," ती म्हणाली, "अमोलच्या वडलांचं भांडगावला हायवेवर दुकान हाय."

"मग?"

"टायरचं."

"मग?"

"नायट्रोजनचं मशीन हाय. दारात हिरवा फुगा बांधलाय."

ताईनं अटी सांगितल्या. सुपारी फुटेपर्यंत हवा, टायर, टोपण, लूट आणि जनता हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. एक जरी पत्रक गाडीत सापडलं तर आजवर बांधलेल्या सगळ्या राख्या ती परत मागणार. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझं आयुष्य हाय रे. तुझी चळवळ सोमवारपासनं चालव."

मी शब्द दिला आणि पाळलाही. गठ्ठा घरीच ठेवला, स्वयंपाकघराच्या कट्ट्याखाली. पण आईनं राहूला न्यायच्या बुंदीच्या लाडवांच्या पाट्या भरल्या तेव्हा तिला तळाला घालायला कागद हवा होता. गठ्ठा समोरच होता. कागद जाड होता. पुढचं सांगायला नको.

रविवारी आम्ही न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून राहूला पोचलो. मामांची गाडी, काकांची गाडी, आमची गाडी, शिवाय त्यांच्याकडचे पाहुणे. अमोलच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, स्वतः हात दाखवत सगळ्या गाड्या घराशेजारच्या उसाच्या बांधाला ओळीनं लावून घेतल्या. उसाला रात्रीच पाणी दिलेलं, सरी अजून ओल्या होत्या. आबांनी उसाकडं बघून उसासा टाकला. "पाणी दिलं वं, पण खत कुठनं द्यायचं? मिळंना झालंय." मी सहानुभूतीनं मान हलवली. ती मान तिथंच थांबायला हवी होती.

बैठकीत अमोलचे वडील संपतराव मध्यभागी बसले होते. गडगडाटी आवाज, दिलदार माणूस. चहा झाला, घराणी सांगून झाली, आणि मग त्यांना दुकान आठवलं. नायट्रोजनचं मशीन कसं आणलं, पहिल्या दिवशी कुणाकुणाच्या गाड्या आल्या, असं सांगायला लागले. माझा गुडघा आपोआप हलायला लागला. मी जीभ दातात धरली. स्वयंपाकघराच्या दारातून ताई माझ्याकडं बघत होती, तिच्या हातात पोह्यांची ताटली होती आणि ती कधीही फेकली गेली असती.

"काय पावणं," संपतराव माझ्याकडं वळले, "गाडीत काय भरता?"

मी ताटलीकडं बघितलं. "पेट्रोल," म्हणालो.

"न्हाई वं, टायरात."

माझ्या घशात पत्रकाच्या पहिल्या तीन ओळी येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "नायट्रोजन! हिरवी टोपणं हायेत की आमच्या गाडीला." संपतराव खूष झाले. म्हणाले, शिकलेल्या घराशी सोयरीक करायची म्हणजे हे असं असतं. मी तो अपमान पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

तिकडं पाटीतले लाडू ताटात गेले आणि तळाचा कागद आबांच्या हातात गेला. आबा छापलेलं काहीही वाचतात. मला लांबूनच माझ्या ठळक नावाचा आकार ओळखू आला. मागची बाजू, जिथं शास्त्रीय खुलासा होता, ती तुपानं आरपार झाली होती. आबा पुढची बाजू ओठ हलवत वाचत होते. वाचून झालं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, उठले, आणि माझ्या शेजारी येऊन टेकले.

"हे तुमी लिवलं?" हळूच विचारलं.

मी मान हलवली. हलवली म्हणजे ती हलली.

"लाख बोल्लात," आबा म्हणाले. "लुटलंय ह्या दुकानदारांनी. आमी उन्हात लायनीत हुबं ऱ्हायचं, आन् हे म्हणत्यात माल न्हाई."

वाचकहो, इतकी वर्षं पत्रकं वाटतो आहे, पण वाचून पटलं असं सांगणारा हा पहिला माणूस! आणि तोही शत्रूच्या गोटातला, प्रत्यक्ष मशीनमालकाचा बाप! लाईन कसली, माल कसला, हे विचारायचं भान मला राहिलं नाही. मी छाती फुगवून कुजबुजलो, "आबा, गप्प बसून चालणार नाही. टोपण उघडलंच पाहिजे."

"पर आत खरंच आसतं का?"

"अठ्ठ्याहत्तर टक्के."

"आन् हे समदं फुकट?"

"हक्काचं."

आबांनी माझा हात दाबला, शेजारी बसलेल्या आपल्या चुलतभावाला, आप्पांना, खुणावलं आणि दोघं धोतराचे सोगे सावरत बाहेर गेले. मला वाटलं, चला, क्रांती घरातूनच सुरू झाली. जाताना आबांनी कोनाड्यातून टायरच्या वालची, म्हणजे व्हॉल्व्हची, पिन काढायची किल्ली घेतली. (टायरवाल्याचं घर ते! तिथं अशी किल्ली देवघरातही सापडते.) ते मी बघितलं. पण विजयी माणसाला असली किरकोळ गोष्ट दिसते, कळत नाही.

थोड्या वेळानं मामांनी घड्याळ बघितलं आणि सुपारीचं तबक मागवलं. सुपारी फोडायचा मान आबांचा. आबा कुठं आहेत? माडीवर नाहीत, गोठ्यात नाहीत. सगळे हाका मारायला लागले, आणि मग एकदम गप्प झाले. कारण उसाच्या बाजूनं आवाज येत होता. फुस्स्स्. लांबलचक, जाड, अंगावर काटा आणणारा.

"घोणस!" कुणीतरी ओरडलं.

घोणस कुकरसारखी शिट्टी घालते हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. बायकांनी मुलं कॉटवर चढवली. मामा स्वतःच कॉटवर चढले. संपतराव, अमोल, अण्णा आणि मी काठ्या, फावडं, जे हाताला येईल ते घेऊन धावलो. आवाज वाढत होता. एक नाही, दोन होत्या! आम्ही दबकत उसाच्या बांधाला पोचलो.

तिथं आबा उकिडवे बसले होते. मामांच्या गाडीच्या मागच्या चाकाला त्यांनी ठिबकची काळी नळी जोडली होती आणि तिचं दुसरं टोक उसाच्या बुडाशी धरलं होतं. पलीकडं आप्पा काकांच्या गाडीला तशीच नळी लावून बसले होते. दोघांच्या चेहऱ्यावर गाईची धार काढतानाचं समाधान होतं. आणि बांधावरच्या सगळ्या गाड्या उसाकडं तिरप्या झाल्या होत्या. सगळ्या! ओळीनं! जणू रसवंतीपुढं वाकून रस कसला आहे ते बघताहेत.

"आबा, काय करताय?" संपतरावांनी काठी खाली टाकत विचारलं.

"नत्र देतूय," आबा शांतपणे म्हणाले. "युरिया मिळंना, मग काय करायचं? एकाच अंगाची चाकं सोडलीत, त्या अंगाला नळी पुरंना. स्टेपन्या ठेवल्यात कांद्याला."

आणि त्यांनी खिशातून पत्रक काढून मुलाच्या हातात दिलं. वर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पावण्यांनीच शिकिवलं. लई हुषार पोरगं."

संपतरावांनी पत्रक वाचलं. सावकाश वाचलं. दुकानदार, लुटारू आणि हिरवं टोपण या तीन ठिकाणी ते थांबले. मग तळाशी आले. ठळक अक्षरात नाव छापू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

"म्हंजी आमी लुटारू," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरात गेले, तबकातली सुपारी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. दारात ताई उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या खिशाकडं बघत होती.

अण्णांचाही मान दुखावला. चूक आपल्या पोराची असली की अण्णांना जास्त मान असतो. "चला," ते आम्हाला म्हणाले, "जिथं सुपारी खिशात जाती तिथं पानी प्यायचं न्हाई." आम्ही ताठ मानेनं गाडीत जाऊन बसलो. गाडी तिरपी असल्यामुळं आई माझ्या अंगावर आणि मी दारावर, पण माना ताठ. अण्णांनी गाडी सुरू केली. ती चार वेळा थपथपली आणि ओल्या बांधावरून एक चाक सरीत घालून बसली. मग आम्ही परत उतरलो आणि, दुसरीकडं जाणार कुठं, त्याच बैठकीत येऊन त्याच जागांवर बसलो.

रागावून निघून जाता येत नाही असं भांडण फार अवघड असतं. थोड्या वेळानं आतून परत चहा आला. न प्यायची शपथ पाण्याची होती, चहाची नव्हती, असं अण्णांनी स्वतःच ठरवलं.

अमोल शेजाऱ्यांचा टेम्पो घेऊन भांडगावला गेला होता. तो परत आल्यावर ट्रॅक्टरनं आमची गाडी बाहेर ओढली आणि टेम्पोतून मशीन उतरवलं गेलं. त्याच्याकडं बघून मामांनी विचारलं, हे नायट्रोजनचं का? अमोल म्हणाला, "न्हाई मामा, ते जाग्यावर बसवल्यालं हाय, हलत न्हाई. हा साधा कंप्रेसर हाय. हवेचा."

संपतरावांनी बाह्या वर केल्या. कामाला माणूस कुणी नव्हता म्हणून कंप्रेसरची नळी माझ्या हातात आली. ते वालची पिन बसवणार, मी हवा मारणार, असं आम्ही दोघं एकेका चाकाशी उकिडवे बसत निघालो. मागं दोन्हीकडचे सगळे पाहुणे. मामांची गाडी, काकांची गाडी, मग आमची. आमच्या गाडीत संपतरावांनी साधी हवा भरली आणि तिच्यावर, सवयीनं, हिरवं टोपण बसवलं.

बसवलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

वाचकहो, एवढा मोठा मुद्दा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता! माझं अख्खं पत्रक त्या माणसानं स्वतःच्या हातानं, साक्षीदारांसमोर, करून दाखवलं होतं. हवा साधी, टोपण हिरवं! माझ्या जिभेवर घोषणा तयार होती, तिला यमकही होतं.

"बोला की," संपतराव म्हणाले. "लई लिवता."

गाडीच्या पलीकडं ताई उभी होती. तिनं डोळे वटारले नाहीत. ताटलीही नव्हती हातात. नुसती उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, शाळेच्या निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी.

मी खाली बघितलं. "पुढच्या चाकात हवा कमी वाटतीये," म्हणालो. "अजून थोडी मारू का?"

संपतराव बघत राहिले. मग खांदे हलवून असे हसले की टोपण त्यांच्या हातातून सुटून सरीत गेलं. "मारा," म्हणाले, "आन् आबांना बोलवा कुणीतरी."

खिशातली सुपारी बाहेर आली. अडकित्ता काही सापडेना, गोंधळात कुणीतरी तो घोणशीला मारायला नेला होता. शेवटी आबांनी सुपारी कंप्रेसरवर ठेवून चाकाच्या पान्ह्यानं फोडली. तिचा एक तुकडा मामांच्या कपाळाला लागला. तोही शुभ मानण्यात आला.

निघताना मी आबांना शेजारी बसवून समजावलं की हवेतलं नत्र उसाला तसं घेता येत नाही, हरभऱ्यासारख्या पिकाच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू ते ओढून घेतात. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग पत्रकात आधी 'हरभऱ्याला' आसं लिवायचं व्हतं."

लग्न थाटात झालं. राहूत आता मला नित्या कुणी म्हणत नाही, नत्र्या म्हणतात. लग्नात कानपिळीचा मान नवरीच्या भावाचा. मी अमोलचा कान पिळला आणि रिवाजाप्रमाणं भेटीसाठी हात पुढं केला, तर संपतरावांनी कपड्याच्या जोडावर ठेवून एक छोटी मखमली डबी दिली. मला वाटलं अंगठी. उघडली तर चार हिरवी टोपणं.

ती मी आता घेतलेल्या जुन्या गाडीला बसवली आहेत. आत साधी हवा आहे, शिरूरच्या स्टँडसमोर भरलेली. परवा पत्रकं वाटताना एका पोरानं माझ्याच गाडीकडं बोट दाखवून विचारलं, "दादा, ह्यात काय?" मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि म्हणालो, "नायट्रोजन. टायर थंड राहतो, मायलेज वाढतं." करणार काय, बहीण दिलीये त्या घरात!